अकरा नंबरचा दिवा

१

कचऱ्याची बादली घेऊन तेक्ला बुर्लाकु खाली आली आणि जिन्याच्या दारावरचा कागद बघून थांबली. चष्मा पुसून तिने तो पुन्हा वाचला. ‘काल संध्याकाळी पाच ते आठ या वेळात दिवा चालू : फ्लॅट नंबर ११, स्वयंपाकघराची खिडकी. माणसाला थोडी तरी लाज असावी.’ खाली सही, एफिम चेबोतारी, जिनाप्रमुख.

अकरा नंबर म्हणजे तिचंच घर. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. लाज, आणि तिला? पस्तीस वर्षं तिने या गावात घरोघरी फिरून विजेचे मीटर वाचले होते. कोण मीटरवर लोहचुंबक ठेवतं, कोण तार उलटी जोडतं, सगळं तिला तोंडपाठ. ती गल्लीत शिरली की लोक इस्त्री लपवायचे. तिने कुणाची गय केली नाही, आणि स्वतःच्या घरात रिकाम्या खोलीत दिवा जळू दिला नाही. एकदाही नाही.

यंदाचा हिवाळा तर सगळ्यांनाच नकोसा झाला होता. सीमेपलीकडे लढाई चाललेली, तिकडून येणाऱ्या तारा तुटलेल्या, आणि मोल्दोव्हासारख्या टीचभर देशाला वीज मिळणार ती अर्धीमुर्धी. संध्याकाळी जपून वापरा, असं वरून सांगून आलं होतं. तिसऱ्या जिन्याच्या पंधरा घरांची सभा भरली. पाच ते आठ कुणी म्हणजे कुणी दिवा लावायचा नाही, हा ठराव मांडला कुणी? तेक्लाने. कुरकुर करणाऱ्यांना गप्प कुणी केलं? तेक्लानेच. आणि आता तिचाच नंबर दारावर.

एफिम अंगणात बर्फ ओढत होता. तीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेला माणूस, गळ्यातली शिट्टी अजून सुटली नव्हती. सगळे त्याला मास्तरच म्हणायचे.

“मास्तर, हे काय लिहून ठेवलंय?”

“का, वाचता येत नाही? पस्तीस वर्षं नुसते आकडेच वाचलेत वाटतं.”

“पाचला मालवला तो मी आठला लावला. मधे काडीसुद्धा ओढली नाही.”

“तेक्लाबाई, मी या डोळ्यांनी पाहिलं. सहा चाळीसला लागला, अर्धा तास होता. चांगला पिवळाधमक.”

“राइसाची खिडकी असेल. शेजारीच आहे.”

“राइसाच्या खिडकीत भोपळे मांडलेत. तुमच्या खिडकीत आहेत का भोपळे?”

नव्हते. तेक्लाने बादली दुसऱ्या हातात घेतली.

“कर नाही त्याला डर कशाला,” एफिम फावडं आपटून म्हणाला. “राहू द्या कागद. पण एक सांगतो. शनिवारी तुमच्याकडे पोमाना आहे. चौदा घरं तीन-तीन तास काळोखात बसणार आणि तुम्ही दिवा लावून जेवणार. मग तुमच्या हातचं घ्यायला कोण येईल, याचा विचार करा.”

हे मात्र तिच्या वर्मी बसलं. शनिवारी तिच्या नवऱ्याला, ग्रिगोरेला, तिच्या ग्रिशाला, जाऊन वर्ष होत होतं. वर्षाचं जेवण, आणि त्याच्या नावाने प्रत्येकाच्या हातात द्यायचं ते दान : गोल पाव, त्यात खोवलेली मेणबत्ती, नवा टॉवेल, एक कप. घेणाऱ्याने हात पुढे केला तरच ते पलीकडे पोचतं. कुणी घेतलंच नाही तर पाव नुसता पाव राहतो, आणि पलीकडचा माणूस हात पसरून तसाच बसून राहतो. तेक्लाने बारा कप आणून ठेवले होते. बाराच्या बारा जायला हवे होते.

२

त्या संध्याकाळी पाचला पाच कमी असतानाच तिने घर अंधारात घातलं. नुसतं बटण बंद करून तिचं समाधान होईना, म्हणून बाहेर जिन्यात गेली, पत्र्याची पेटी उघडली आणि चिनी मातीचा फ्यूजच फिरवून काढला. मीटरची चकती थांबली. चकती कधी खोटं बोलत नाही. फ्यूज खिशात टाकून ती आत येऊन बसली, रस्त्याकडच्या मोठ्या खोलीत.

स्वयंपाकघरात ती संध्याकाळची बसत नसे. वर्षभर नव्हती बसली. दिवसा काम उरकायचं, चारला जेवायचं आणि दार ओढून घ्यायचं.

अंधारात बसायला काही फार लागत नाही असं तिला वाटायचं. तासाभरात कळलं की घर किती आवाज करतं. नळी कुरकुरली. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. फ्रीज बंद होता, म्हणून शांतता आणखी मोठी झाली होती. कुठूनतरी, भिंतीपलीकडून, एक ‘खट्’ असा आवाज आला.

बटणाचा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. पण तिने स्वतःला बजावलं, बाई, फ्यूज तुझ्या खिशात आहे. लाकूड थंडीने आकसतं, तेव्हा असाच आवाज येतो. शिवाय राइसाची दोन कार्टी अंधारात काय काय आपटत असतील.

तरी उठलीच. भिंत चाचपत गेली, स्वयंपाकघराचं दार ढकललं. आत मिट्ट काळोख. बर्फाचा जो काय करडा उजेड खिडकीतून येत होता, त्यात टेबल दिसलं, भिंतीला टेकवलेलं स्टूल दिसलं. बस, एवढंच. ती खिडकीशी गेली. थंडीसाठी खिडकीच्या फटी कागदाच्या पट्ट्यांनी चिकटवून टाकल्या होत्या, उघडायची सोय नव्हती. खाली अंगणात एफिम उभा होता, मान वर करून. त्याने एक हात कपाळाशी धरला होता. डोळ्यांवर उजेड आला की माणूस धरतो तसा.

तेक्लाला आधी हसूच आलं. मग तिला दिसलं की मास्तर तिच्याकडे बघत नाहीये. तो तिच्या थोडं डावीकडे बघत होता, टेबलाच्या बाजूला. तिने हात हलवला. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, खिशातून वही काढली आणि काहीतरी लिहिलं.

ती तशीच तरातरा जिन्यात गेली. विजेरी मारून मीटर पाहिला. चकतीवरची लाल खूण होती तिथेच होती, केसभरही हलली नव्हती. तेव्हा तिला जरा बरं वाटलं. मास्तरला दिसायला लागलंय भलतंच, वय झालं.

३

सकाळी दारावर नवा कागद. ‘फ्लॅट ११, सहा चाळीस ते सात दहा. दुसऱ्यांदा.’

तिने कागद टराटरा फाडला आणि थेट राइसाचं दार वाजवलं. राइसा साखर कारखान्यात पाळीवर जायची, दोन मुलांना एकटीने सांभाळायची. ग्रिगोरे गेला त्या रात्री पहिली धावून आली होती तीच.

“तू तरी सांग त्या म्हाताऱ्याला,” तेक्ला म्हणाली. “भिंतीला भिंत लागून राहतेस. माझ्या घरात दिवा होता का काल?”

राइसाने दार पूर्ण उघडलं नाही. “मावशी, मी खाली गेले होते मुद्दाम. होता दिवा.”

“तूसुद्धा?”

“माझी पोरं तीन तास अंधारात रडतात. धाकटीला भीती वाटते. तिला मी सांगते, बघ, सगळ्यांच्याच घरात काळोख आहे, तेक्लाआजीच्या घरातसुद्धा. आता काय सांगू तिला?”

“अगं, फ्यूज काढला होता मी. माझ्या खिशात होता तो.”

“मला फ्यूजमधलं काही कळत नाही.” राइसाने आवाज खाली आणला. “टेबलाशी भिंतीला टेकून बसला होतात तुम्ही. डोकं दिसत होतं. दुःख आहे, समजतं मला. पण काळोखात बसूनही रडता येतं की.”

तेक्लाने दाराची कड पकडली. मग ती म्हणाली, “मी मोठ्या खोलीत होते.”

“शनिवारचं माझं धरू नका,” राइसाने सांगितलं आणि दार लोटलं.

तेक्लाने घरी येऊन दार आपटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. इतकी वर्षं गावाची वीज राखली त्याचं हे बक्षीस. तिने कणीक मळायला घेतली, ती टाकून दिली, पुन्हा घेतली. आणि त्या संतापाच्या खालून, नको नको म्हणताना, मागच्या डिसेंबरची ती संध्याकाळ वर आलीच.

ग्रिगोरे त्याच स्टुलावर बसला होता, डोकं भिंतीला टेकून, समोर अर्धा पेला चहा. ती दारावरून जात होती. “बसल्या बसल्या झोपतोस आणि दिवा फुकट जळतोय,” असं म्हणून तिने आत हात घातला आणि बटण बंद केलं. तासाभराने हाक मारली तर तो गार पडला होता. त्यांच्यात मरणाऱ्या माणसाच्या हातात पेटती मेणबत्ती देतात, वाटेवर उजेड असावा म्हणून. न देणं यासारखं दुसरं पाप नाही. शत्रूलाही कुणी ‘मेणबत्तीवाचून मर’ असा शाप देत नाही. तेक्लाने मेणबत्ती तर दिली नाहीच, होता तो दिवाही काढून घेतला. पाद्रीबाबांनी विचारलं, हातात मेणबत्ती होती ना? ती म्हणाली, होती. राइसाने विचारलं, तिलाही म्हणाली, होती.

बटण बंद केलं तेव्हा तो गेलेला होता की जात होता, हे तिने स्वतःला कधी विचारलं नाही. तेवढं एक सोडून बाकी सगळं त्याच्यासाठी करायचं तिने ठरवलं होतं. म्हणून बारा मेणबत्त्या, बारा कप. बारा लोकांनी त्याच्या नावाने उजेड घेतला तर एक तरी पोचेल.

४

गुरुवारी तिने सगळ्या जिन्याला आवताण दिलं. या म्हणावं, अंगणात उभे राहा, होऊन जाऊ दे काय ते. पावणेपाचला तिने फ्यूज काढून मुठीत धरला, घराला कुलूप लावलं, आणि किल्ली सगळ्यांदेखत एफिमच्या हातावर ठेवली.

“घरात कुत्रंसुद्धा नाही. आता मी इथे तुमच्या नाकासमोर उभी आहे. लागू दे दिवा.”

आठ-नऊ जण जमले होते, कोट, टोप्या, पाय आपटत. राइसाही आली, पोरांना शेजारी ठेवून. समोर इमारत काळीठिक्कर. राइसाचे भोपळे ओळखू येत होते, आणि त्यांच्या बाजूला अकरा नंबरची खिडकी, तितकीच काळी.

साडेपाच झाले. सहा झाले. तेक्लाला जोर चढला. “काय मास्तर, कुठे गेला तुमचा पिवळाधमक दिवा? चष्म्याचा नंबर वाढला असेल, नाही? दारावर माझं नाव लावलंत. आता कुणाचं लावायचं?” तिने एकालाही सोडलं नाही. पलीकडच्या म्हाताऱ्याला सुनावलं, वरच्या नवरा-बायकोला सुनावलं. लोक खाली मान घालून ऐकत होते. थंडीने आणि ओशाळेपणाने सगळे गारठले होते.

साडेसहाला एफिम घसा खाकरून म्हणाला, “बाई, चूक झाली असेल माझी. उद्या तसा कागद लावतो.”

“लावाच. मोठ्या अक्षरांत.”

“आणि शनिवारी येतो आम्ही सगळे.”

राइसा जवळ आली. “मावशी, राग धरू नका. माझा कप ठेवा.”

तेक्लाच्या डोळ्यांत पाणी आलं. बारा होतील, तिने मनातल्या मनात म्हटलं. बारा सहज होतील. “ठेवते गं,” ती म्हणाली. “तुझ्या पोरांचे पण ठेवते.”

आणि तेवढ्यात अंगणातल्या बर्फावर एक पिवळा चौकोन पडला.

तेक्लाने आधी मुठीतल्या फ्यूजला दाबून पाहिलं. तो होता, गार, कडक. मग तिने वर पाहिलं. तिच्या स्वयंपाकघरात दिवा लागला होता. साधा, रोजचा दिवा. टेबलाशी कुणीतरी बसलं होतं, डोकं भिंतीला टेकून. टक्कल दिसत होतं, कान दिसत होता.

“घरात माणूस बसवलाय,” एफिम ओरडला. “आम्हाला दोन तास थंडीत उभं करून घरात माणूस बसवलाय हिने.” त्याने शिट्टी फुंकली. “ए, अकरा नंबर. बंद करा तो दिवा.”

बाकीचेही चिडले. वीज कुठून येते, बॅटरी असेल, फसवते बाई, चोराच्या उलट्या बोंबा. आणि मग सगळेच ओरडायला लागले, बंद करा, बंद करा. थंडीत दोन तास शिव्या खाल्लेले लोक, त्यांचा राग खरा होता.

तेक्लाला ते ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. ती टेबलामागच्या दाराकडे बघत होती. त्या घरांतली बटणं खांद्याच्या उंचीवर असतात, अंगणाच्या टोकावरून बरोबर दिसतात. दारातून एक हात आत येत होता. हिरव्या स्वेटरची बाही, कोपरावर ठिगळ. तो स्वेटर आत्ता या क्षणी तेक्लाच्या अंगात होता, कोटाखाली.

हात बटणाकडे निघाला, कामाच्या माणसाचा असतो तसा, घाईघाईने, न बघता. आणि भिंतीला टेकलेलं ते डोकं हललं. हळूच वळलं, दाराकडे, त्या हाताकडे.

“थांब,” तेक्लाच्या तोंडून निघालं. “अगं थांब. हात नको लावूस. जिवंत आहे तो अजून.”

दिवा गेला.

“झालं,” एफिम म्हणाला. “दम दिला की बरोबर बंद होतो.”

राइसा तेक्लाच्या तोंडाकडे बघत होती, मग कोटाच्या गळ्यातून दिसणाऱ्या हिरव्या स्वेटरकडे.

“मावशी,” ती हलकेच म्हणाली, “तुम्ही त्यांच्या हातात मेणबत्ती दिली होती ना?”

तेक्लाने कोटाचा गळा घट्ट आवळून धरला. राइसा एक पाऊल मागे सरकली.

“किल्ली द्या,” तेक्ला एफिमला म्हणाली.

“घ्या. आणि त्या दोघांना घराबाहेर काढा. शनिवारचं म्हणाल तर माझ्याकडून कुणी येणार नाही. कुणीच येणार नाही.”

५

तीन मजले ती धापा टाकत चढली. आता तिला कुणाचा राग नव्हता. होता तो सगळा स्वतःचा. नाहीत येत तर न येवोत. बारा कप फोडून टाकीन, पण त्याला अंधारात ठेवणार नाही. गेला खड्ड्यात तो ठराव. मांडला कुणी होता? मीच. मोडीन पण मीच.

पेटीत फ्यूज फिरवून बसवला. चकती फिरू लागली. कुलूप उघडलं, स्वयंपाकघराच्या दाराशी आली, आणि अंधारात आत हात घातला. आपली बाही आपल्यालाच दिसू नये म्हणून डोळे मिटून घेतले. बटण दाबलं. खट्.

डोळे उघडले तर दिवा लागलेला. टेबल, ओट्यावर पिठाचं भांडं, भिंतीशी स्टूल. स्टुलावर कुणी नव्हतं. भिंतीवर, डोकं टेकायचं तिथे, तो जुना तेलकट डाग होता.

“घे,” ती स्टुलाला म्हणाली. “हा घे, ग्रिशा. रात्रभर राहू दे. मी नाही बंद करणार. आता कधीच नाही.”

आठ वाजायला सव्वा तास होता. लिहू दे मास्तरला, या वेळी खरं लिहील. ती खिडकीशी गेली, सगळ्यांना दिसेल अशी, दिव्याच्या अगदी खाली, आणि दोन्ही हात वर करून हलवले. बघा म्हणावं, मीच लावलाय, मी तेक्ला बुर्लाकु.

अंगणात सगळे माना वर करून तिच्याच खिडकीकडे बघत होते. बर्फावर उजेडाचा चौकोन नव्हता. तिने पुन्हा पाहिलं, खाली, डावीकडे, उजवीकडे. कुठेच नव्हता. कवायत संपली की वाजवायचा तशी एफिमने एक लांब शिट्टी वाजवली, ती काचेतून आत आली, आणि पाठोपाठ त्याचा आवाज, जरा नरमलेला :

“शाब्बास, अकरा नंबर. झाला काळोख. अस्संच ठेवा.”

लोक पांगायला लागले. तेक्लाने काच बडवली, ओरडली, कागदाच्या पट्ट्या नखांनी ओरबाडल्या. राइसा सगळ्यात शेवटी निघाली. तिने वर पाहिलं, आणि माणूस गेलेल्या बंद घराकडे बघून करतात तसा छातीवर क्रॉस केला. मग तीही आत गेली.

अंगण रिकामं झालं. खालच्यांना जो दिवा दिसला नाही, तो ग्रिशाला तरी कुठून दिसणार, असं तेक्लाच्या मनात आलं. ती त्या स्टुलावरच बसली. तिच्या डोक्यावर दिवा चांगला लख्ख जळत होता.